आईचा घोटा आणि गार जाळ

डबे भरायची घाई, मिक्सर घुरघुरतोय, सासूबाईंचा चहा दुसऱ्यांदा गार झालेला, आणि दारावर टकटक. बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, वरच्या मजल्यावरचे गारजाळ. बेल दाबली की आत ठिणगी उडते आणि त्यांना तिचा वास येतो म्हणे!

हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गारजाळ हेलियम वायूत चिमूटभर ऑक्सिजन मिसळतात, त्यातून वीज सोडतात आणि पेनाच्या टोकाएवढा जांभळा जाळ काढतात. त्यावर बोट धरलं तरी भाजत नाही. अर्धं आयुष्य खपून माणसाने विस्तव शोधला, तोही असा की ज्यावर कपभर दूध तापणार नाही! मात्र त्यातून निघणारा तिखट ऑक्सिजन जंतू मारतो, चिघळलेली जखम भरून यायला मदत करतो. हे मला ठाऊक, कारण जिन्यात गाठ पडली की सुटका नसते. त्यांना स्थळंही आली होती. ऑक्सिजनचे प्रकार ऐकून गेली.

"वहिनी, आई नाही म्हणतेय."

त्यांच्या आईला मधुमेह. घोट्यावरची जखम काही केल्या बुजेना. आता हा जाळ लावून बघू, असं डॉक्टरांनीच ठरवलं होतं. आजच जायचं होतं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"खरं ते. म्हटलं, ज्याने लोखंड गंजतं, माणूस म्हातारा होतो, त्या ऑक्सिजनचेच भाऊबंद तुझ्या जखमेवर सोडणार."

"वा, भाऊजी! आणखी काही गोड बोललात?"

"प्रमाण चुकलं तर चांगल्या पेशीही मरतात, म्हटलं. पण आम्ही प्रमाण चुकू देत नाही."

"हे 'पण' पोचलं त्यांच्यापर्यंत?"

"नाही. तोवर तिने टीव्ही मोठा केला. म्हणाली, ज्याच्या विरुद्ध मी रोज अँटिऑक्सिडंटची गोळी गिळते, तेच पोटचा पोरगा माझ्या पायाला लावणार?"

देशोदेशीच्या डॉक्टरांना पटवून आलेला माणूस घरच्या परीक्षेत सपशेल नापास.

"मग जाळाखाली स्वतःचा हात धरून दाखवायचा."

"मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. म्हणाली, तू लहानपणी तापल्या इस्त्रीलाही हात लावला होतास, तुझ्या हाताचं काय सांगतोस!"

"खरंच आहे तिचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

मला हसू फुटणार, तेवढ्यात गारजाळांचा चेहरा दिसला. मी मिक्सर बंद केला.

"जखमेला वास यायला लागलाय, वहिनी. आता नाही भरली, तर पाऊल काढावं लागेल म्हणतात."

जिन्यात ऐकलेला आवाज हा नव्हेच.

"ती तुमचं ऐकते. डॉक्टरांना विचारून आलोय मी. आज आमच्याबरोबर चला, आणि तिच्यादेखत तुमचं एक बोट त्या जाळाखाली धरा."