मामाचं भजन आणि माझी झांज

मामाच्या भजनाचं अख्खं रेकॉर्डिंग मी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. एकुलतं एक होतं.

पांढुर्ण्यात माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे, म्हणून नातेवाइकांत मी जाणकार. रामाकोन्याचा मामा आमच्या भजन मंडळाचा गाणारा. त्याच्या गळ्यात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तो शेवटचं गायला. रेकॉर्डिंगला मी फोन उभा केला तो माझ्याच बाजूला. मंडळात मी झांज वाजवतो आणि मागून ओढतो. म्हणजे मामानं ओळ हळूच सोडली, की आम्ही ती गळा फाडून परत म्हणतो. असं ओढायला सुराची गरज नसते, म्हणून तर मी तिथं आहे.

मामा म्हणाला, "याचे लहान लहान तुकडे करून दे, बाबू. मोठं कोन पाहून राहिलं आता? पोट्ट्यांच्या फोनात तरी राहीन मी."

तीन सॉफ्टवेअर पाहिली. एक व्हिडिओवर आपला शिक्का मारायचं. दुसऱ्यात कुठं कापायचं ते आपणच ऐकून ठरवायचं. तिसरं शांत जागा गाळून रंगतदार तेवढं स्वतःच निवडणार होतं. ऐकायचा त्रास वाचला, तिसरं घेतलं. पहिला तुकडा सुरू करून पाहिला, ढोलक कडाडली, खूश झालो. दुसऱ्या दिवशी सौंसरला लग्न शूट करायचं होतं, फोनात जागा नव्हती. मूळ रेकॉर्डिंग उडवलं.

मामा गळ्याला पट्टी बांधून घरी आला. खाटेवर टेकून त्यानं हातानं खुणावलं, लाव.

पहिल्या तुकड्यात आम्ही. दुसऱ्यातही आम्हीच, आणि सगळ्यांच्या वर मी, झांजेसकट. मामानं छातीवर बोट ठेवलं: मी?

"येते ना मामा, पुढच्यात येते."

पुढच्यात मामानं तोंड उघडलं आणि तिथंच तुकडा कापला गेला. त्याचं हळू गाणं सॉफ्टवेअरला शांत जागा वाटलं होतं. शेवटपर्यंत तसंच. मामा डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्यानं फोन पालथा ठेवला.

मामीनं विचारलं, "पुरं कुठी हाय?"

"पुसलं. त्याचं असं आहे मामी, ते सॉफ्टवेअर ना..."

"ज्याचा ठेवाचा होता त्याचा आवाज पुसला, अन् सोताचं रेकनं सांभाळून ठेवलं. आता तं चूप बस."