दोन पटाश्यांचा आवाज

काल शाळेत बाकं दुरुस्त करायला सुतार आला. सागाच्या ढलप्यांचा वास वर्गात शिरला आणि मी शिकवता शिकवता वीस वर्षांपूर्वीच्या वांकिडीच्या बाजारात, हत्यारांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

ह्यांना पटाशी घ्यायची होती. सुतार माणूस पोलाद आवाजावरून पारखतो, पण आरा मशीनवर राबून ह्यांचे कान गेले होते. ह्यांनी खिळ्याने दोन पटाश्या वाजवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "सांग, कोनती चांगली वाजून राह्यली?"

महागडी घंटेसारखी खणखणली होती. स्वस्तातली बद्द वाजली. आमच्याजवळ तिच्यापुरतेच पैसे होते. मी तिच्यावरच बोट ठेवलं. परवडणारीच चांगली निघाली म्हणून ह्यांचा चेहरा असा खुलला, की मला तिकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी तिची धार दुमडली. हे ओसरीवर बसून ती दगडावर पुन्हा पुन्हा घासत होते. मी पाणी घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाले, "सागच भलता कडक हाये ह्या खेपेचा."

ह्यांना ऐकू येत नव्हतं. तरीही खरं काय ते माझ्या तोंडून फुटलं नाही.