मोठ्यानं रड, वैनी

परवा मोशीच्या घाटावर आमच्या आत्याचा दहावा झाला. नव्वदी ओलांडली होती, अंथरुणाला फार खिळली नाही... सोनं झालं, असंच सगळे म्हणत होते.

दहा दिवसांत मला रडू आलं नव्हतं. माझा स्वभावच तसा. शेजारी बसलेली भावजय हळूच म्हणाली, "ताई, मोठ्यानं रडा. मोकळं वाटेल." आणि मला एकदम आमच्या मळ्यातली ती सकाळ आठवली... तोही दहावाच होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सात-आठ वर्षांची असेन. आमचं घर गावापासून लांब, चिखलीच्या अंगाला, मळ्यात. अंगणाला लागून ज्वारी, तीही पुरुषभर वाढलेली.

आजोबा गेले होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. दहाव्याला घरातले, भावकीतले सगळे पुरुष सकाळीच नदीला जातात. घरी मी, आई, तिच्या मांडीवरचा माझा भाऊ आणि माहेरी आलेली आत्या... ती तेव्हा विशीतली. गावातल्या बायका दुपारी येणार होत्या.

दुःखाच्या घराचं दार कोणी लावत नाही. भेटायला कोण येईल, सांगता येत नाही. त्या सकाळी तीन माणसं आली. डोक्यावर घोंगड्या, माना खाली. ओसरीवर बसली.

"आण्णांची लई माया व्हती आमच्यावर," एक जण म्हणाला. "देहूरोडच्या अंगानं चालत आलोय."

आईने पदर डोळ्याला लावला. त्यांना कोणी ओळखत नव्हतं, पण अशा वेळी तुम्ही कोण, असं कसं विचारायचं...

"गडीमाणसं न्हाईत व्हय घरात?"

"नदीला गेल्यात. येतीलच."

"येऊ द्या की. घाई न्हाई आमाला. वाईच पानी आना."

आत्या आत होती, तिने हे ऐकलं. आमच्याकडे सुतकाच्या घरी परका माणूस पाण्याचा थेंबही घेत नाही. भेटायला आलेला माणूस पाणी मागतच नाही.

"वैनी, आत ये. बाळाला घेऊन ये," आत्याने हाक मारली. मीही आईच्या मागे गेले.

आत्याने आण्णांची बंदूक खुंटीवरून काढली होती. ठासणीची बंदूक, रानडुकरांसाठी लायसन घेतलेली. नळीत दारू घालायची, चिंधी कोंबायची, गजाने ठोकून बसवायची. आण्णांची नजर अधू झाल्यापासून, आत्या माहेरी आली की तीच त्यांना भरून द्यायची. दहावा झाल्यावर बंदूक चावडीवर जमा करायची होती.

पण गज ठोकला की आवाज होणार... आणि ते ओसरीवर.

"वैनी, मोठ्यानं रड," आत्या कुजबुजली.

"आँ?"

"आण्णांच्या नावानं हेल काढ. गज वाजंल."

आईच्या तोंडातून आवाजच फुटेना. आत्याने तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला, तेव्हा कुठे ती ओरडली. "मामंजी, आमाला कुणाच्या भरवशावर टाकून गेला वो..." प्रत्येक हेलाबरोबर आत्या एक ठोका मारत होती. आईचे डोळे मात्र दाराकडे होते.

मी फटीतून पाहत होते. उंबऱ्यावर एक पाय आला. पायात वहाण तशीच.

"जा रं, बघ आत," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

आत्या बंदूक रोखून दारात उभी राहिली. समोरच्याच्या हातात, घोंगडीखालून काढलेला कोयता होता. तो हसला. "ताई, म्हाताऱ्याची बंदूक ती. म्हाताऱ्यासंगच गेली."

आत्या पुढे सरकत राहिली. ते मागे मागे होत अंगणात उतरले. तिथे तो थांबला. "उडव की," म्हणाला.

आत्याने उडवली.

कानठळ्या बसल्या. अंगणभर धूर... समोरचं काही दिसेना. मला वाटलं, आता धुरातून तो हात बाहेर येणार. धूर विरला तेव्हा अंगण रिकामं होतं, आणि ज्वारी लांबवर हलत होती.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. ते गेले की त्या ज्वारीतच बसलेत, कळायला मार्ग नव्हता. आत्या रिकामी बंदूक रोखून तशीच उभी. आईचं रडणं थांबेना.

"बास कर वैनी. गेलं ते."

"थांबत न्हाई वो वन्सं..."

"मग रड. नदीपातुर जाऊ दे."

बाबा आणि भावकी धावत आली. ओले पंचे, डोकी भादरलेली. बंदुकीचा आवाज ऐकून निघालेले, आणि बांधावर येतात तो आईचा आक्रोश कानावर... बाबांनी आम्हा चौघांना एकेकाला हात लावून पाहिलं.

पुष्कळ वर्षांनी, मेथी निवडताना आत्या सहज म्हणाली, "छर्रे कवाच संपलं व्हतं. नुसती दारू अन् चिंध्या. आवाज तेवढा आपला."

मी विचारलं, "आणि ते पुढे आले असते तर?"

ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझी आई रडत व्हती की. एकाला दोन आवाज व्हते."

परवा घाटावर हे सगळं आठवलं आणि मी मोठ्याने रडले. आईच्या मांडीवरचा तो भाऊ, आता त्याचेही केस पांढरे झालेत, माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

मला कशाचाही आवाज झाकायचा नव्हता. दाराकडे बघायचं नव्हतं. इतकं निवांत रडायला मिळालं... तेही आत्यामुळेच.