मागचे छत्तीस घोडे

आमच्याकडं ट्रॅक्टरवाल्याला पहिला प्रश्न विचारतात तो "किती एचपी?" नाव-गाव नंतर. पंचावन्न घोडे म्हणालं की समोरचा सरकून बसायला जागा देतो. बेचाळीस म्हणालं की "बरं, बरं" म्हणतो. आमचा ट्रॅक्टर बेचाळीसचा. ते "बरं, बरं" ऐकलं की माझं डोकं सटकतं, अजूनही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, पुढं जे लिहिलंय ती सरळ सरळ बढाई आहे. ज्याला सोसणार नाही त्यानं इथंच थांबावं.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, शाळेत गणित शिकवते आणि शनिवारची शाळा सुटली की गावाकडं पळते. गावात आई आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढला. निवृत्त झाल्यावर जुना बेचाळीसचा ट्रॅक्टर घेतला, तो अंगणात सगळा खोलला, पुन्हा जोडला, आणि मग मला त्यावर बसवलं. "बस चालवायला बिल्ला लागतोय. ह्याला डोस्कं लागतंय," म्हणाले. भावाआधी मी शिकले. हेही बढाईतच धरा.

आईचं दोन एकराचं रान पाणंदीच्या पलीकडं आहे. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना बांध असलेली, शेताकडं जाणारी अरुंद वाट. ती सगळ्यांची असते, म्हणून तिच्याकडं कुणीच बघत नाही. आमची पाणंद पाच-सहा पावसाळ्यांत घाणेरीनं आणि वेड्या बाभळीनं गिळली होती. ट्रॅक्टर, दुचाकी सगळी डांबरी रस्त्यानं लांबून जायची. पायी जाणाऱ्या बायका तेवढ्या डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्या काट्यातूनच वाकत वाकत यायच्या. मधोमध बाभळीची एक आडवी फांदी होती. तिथं प्रत्येकीला मान खाली घालावीच लागायची. आईनं तिथं किती वर्षं मान घातली असेल, मी मोजलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याच जागी आई भाऱ्यासकट पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आबांनी तिला पाणंदीत पाऊल टाकायला बंदी केली. लांबच्या रस्त्यानं चालणं तिच्या गुडघ्यांना झेपेना. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर रान खंडानं द्यायचं, म्हणजे वर्षाच्या कराराने दुसऱ्याला कसायला. घेणारा माणूसही ठरला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडताना तिनं आपला विळा पाटावर सगळ्यांत पुढं ठेवला. मी बघितलं. आबांनीही बघितलं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आबांनी दूध डेअरीच्या कट्ट्यावर जाहीर केलं, "पाणंद मी मोकळी करून देतो." कुणीतरी म्हणालं जेसीबी घाला. पण जेसीबीचा दात बांधात घुसला की कुणाचा बांध किती सरकला यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात, हे सगळ्यांनाच ठाऊक. आबांनी एका नर्सरीवाल्या दोस्ताकडून स्लॅशर मागून आणला होता. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं लोखंडी छप्पर, त्याच्या पोटात आडवं फिरणारं जाड पातं. झुडूप कापतं आणि तिथंच त्याचा चुरा करतं. साडेपाच फूट रुंद.

"बेचाळीसवर?" माझा चुलत दादा हसला. दादा माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा, आबांना तात्या म्हणतो. त्याचा ट्रॅक्टर पंचावन्नचा, पुढं वजनं, वर झेंडे, हॉर्न असा की म्हशी दावं तोडतात. "तात्या, काट्यातलं काम हाय. तुमचं इंजिन उचकी दिऊन बंद पडंल. माझा घालूया की."

"इंजिनाचं घोडं मोजू नको," आबा म्हणाले. "मागचं मोज."

सगळे हसले. आबांचं म्हणणं साधं होतं, आणि मी ते वर्गात कितीदा फळ्यावर मांडलंय. इंजिनात जेवढी ताकद असते तेवढी मागं, यंत्र फिरवणाऱ्या पीटीओच्या दांड्यापर्यंत पोचत नाही, वाटेत काही गळते. आमच्या बेचाळीसचे मागं राहतात छत्तीसेक. गवताला कमी पुरतात, पण काटेरी झुडपाला आबांचा हिशेब रुंदीच्या एका फुटाला सहा घोडे. साडेपाच सक तेहतीस. तीन शिल्लक. "शिल्लक पायजेच," ते म्हणायचे, "बुंधा आडवा आला म्हंजे ते तीन कामाला येत्यात." पण कट्ट्यावर गणित कोण ऐकतो? पंचावन्न हा आकडाच असा की पुढचं काही ऐकू येत नाही. ठरलं, शनिवारी दादाचा ट्रॅक्टर.

दादानं नारळ फोडला, हॉर्न वाजवला आणि पाणंदीत घुसला. सरळ. आणि इथंच आमच्या भागातल्या ड्रायव्हरची खोड आडवी आली. दादाचा जन्म गेलाय कारखान्याला ऊस ओढण्यात, मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडून. दोन ट्रॉल्या मागं असल्या की रिव्हर्स विसरायचा असतो. त्या माणसाला फक्त पुढं जाणं माहीत, तेही पायानं रेस देत, चढ आला की दाब, उतार आला की सोड. स्लॅशर तर मागं. म्हणजे आधी ट्रॅक्टर काट्यावर चढणार, झुडपं आडवी लोळवणार, आणि मागून पातं येणार ते लोळलेल्या फांद्यांवरून. त्यातून पायाची रेस वरखाली, त्यामुळं पात्याचा वेगही वरखाली. वेग पडला की पातं कापत नाही, ओढतं. भरीस भर, पंचावन्नची मागची चाकं स्लॅशरच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर. दादा पुढं गेला की चाकाखालची घाणेरी मागं पुन्हा उभी राहायची, जणू काही झालंच नाही.

पन्नास पावलांवर पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटाएवढा. दादानं इतकी रेस दिली की स्लॅशरचा सुरक्षेचा बोल्टही तुटला. तो तुटायलाच असतो, तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. पण कट्ट्यावर त्याची बातमी झाली ती अशी, "तात्यांचं मशीनच बोगस हाय."

आबांनी नवा बोल्ट आणून बसवला. मला मात्र घाम फुटला. कारण त्या संध्याकाळी खंडानं रान घेणारा माणूस आमच्या ओसरीवर येऊन बसला. "पाणंद काय हुईत न्हाय आता," म्हणाला, "मग कागद कवा करायचा?" आईनं त्याला चहा दिला आणि आत गेली. आबा म्हणाले, "सोमवारी या."

मग त्यांनी पंक्चरवाल्याला बोलावलं आणि आमच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून उलटी बसवली. त्यानं चाकं आत सरकली. टेपनं मोजलं तर बाहेरून बाहेर साडेपाचाच्या आत, दोन बोटं कमी. आता चाक फक्त कापलेल्या जागेवरूनच जाणार. पण त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, धुळीत जायला डॉक्टरांची सक्त मनाई. त्यांनी नर्सरीवाल्याच्या ड्रायव्हरला फोन लावायला घेतला.

"मी चालवतो की," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, त्यात विशेष काही नाही.

आबांनी फोन खाली ठेवला. "उलटं जायाचं हाय. पाणंदभर. जमंल?"

"डेपोत तुम्ही बस उलटी लावत हुता, तवा मी तुमच्या मांडीवर बसलेलो न्हवतो काय?"

रविवारी सकाळी दोन्ही तोंडांना माणसं उभी करून पाणंद बंद केली, कारण स्लॅशरखालून दगड गोळीसारखा सुटतो. मी ट्रॅक्टर वळवला आणि स्लॅशर काट्याकडं केला. हाताची रेस एकदा लावली ती लावली, त्यानंतर पाय तिकडं न्यायचा नाही. सगळ्यांत हळू रिव्हर्स. मान मागं वळवून. आबा पाणंदीच्या तोंडाला, लांब, ट्रॅक्टरच्या नाकासमोर, म्हणजे आता माझ्या पाठीमागं. मला ते दिसत नव्हते. निघताना एवढंच म्हणाले होते, "आवाज पडला की थांब, उचल, परत टेक. आवाज पडू द्यायचा न्हाय."

स्लॅशर काट्यात शिरला. इतकी वर्षं ज्याला आम्ही घाबरलो ते झुडूप पात्याखाली जायचं आणि चाकापुढं नुसता ओला हिरवा भुसा पडायचा. घाणेरीचा तो उग्र वास नाकात भरला. पहिल्या पन्नास पावलांत मला कळलं की हे होणार. मी मोठ्यानं ओरडले, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं.

मधल्या बाभळीपाशी मात्र खरी परीक्षा होती. मनगटाएवढे फुटवे, एकात एक गुंतलेले. आवाज पडला. मी थांबले, उचललं, आवाज भरून येऊ दिला, हळूच टेकवलं. पुन्हा पडला. पुन्हा उचललं. सात-आठ वेळा. इंजिन कण्हत होतं पण बंद पडत नव्हतं, आणि त्या कण्हण्यात मला आबांचे ते शिल्लक तीन घोडे अगदी वेगळे ऐकू येत होते. गणिताच्या बाईला फळ्यावरची बाकी अशी कानानं ऐकायला मिळावी, यापरता दुसरा पुरस्कार मला नको. आडवी फांदी तेवढी यंत्रात येईना. इंजिन बंद केलं, आबांनी मागून येऊन ती कुऱ्हाडीनं तोडली. डॉक्टरांचं नाव त्यांनी काढू दिलं नाही.

जेवणवेळेच्या आत मी पलीकडं निघाले, आईच्या रानाच्या बांधाला. दादा तिथं उभा होता. लांबच्या रस्त्यानं आला असणार. त्यानं आधी ट्रॅक्टरची मागची चाकं बघितली, मग पाणंद बघितली, मग मला म्हणाला, "नाद खुळा, बाई." आणि स्वतःच जाऊन स्लॅशरला अडकलेल्या काटक्या काढायला लागला. दादा तसा दिलदार आहे, तेवढं कबूल करायला हवं.

सगळं बंद करून, पातं थांबल्याची खात्री करून आम्ही बाभळीच्या अलीकडं, घराच्या बाजूला पाणंदीत येऊन बसलो होतो. आई आली. कुणी बोलावलं नव्हतं. कमरेला विळा. आमच्याकडं न बघता सरळ रानात गेली. तासाभरानं परतली तेव्हा डोक्यावर भारा होता, फार मोठा नाही. मी उठायला लागले तर आबांनी माझा हात धरून खाली बसवलं.

ती चालत आली. त्या जुन्या जागेपाशी पोचली आणि तिची मान आपोआप खाली गेली. वर काही नव्हतं. नुसतं आभाळ होतं. तरी ती वाकली, गुडघेही वाकवले, दोन पावलं तशीच चालली.

"अगं, आता कशाला वाकतीस?" आबा ओरडले.

आई थांबली. मान तशीच ठेवून डोळे वर करून बघितलं. मग हळूहळू सरळ झाली, पूर्ण सरळ, भाऱ्यासकट, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की माझी आई उंच आहे.

ती आमच्याजवळ आली. भारा उतरवायला दादा पुढं झाला तर तिनं त्याला मानेनंच नको म्हटलं.

"उद्या तो माणूस येणार हाय न्हवं कागदाला?" तिनं आबांना विचारलं. "त्याला सांगा, रान द्यायचं न्हाय. आणि चहा तुमीच करून द्या, मी हिकडं असणार हाय."