पेटारा ठेवून गेलेली मणियारीण

"हात सैल सोड गं बाय. सरकार हाय का तुझा हात, आसा ताठ ऱ्हायला?"

सोनईच्या बाजारातली आमची मणियारीण असं म्हणत पंजा दाबायची. हसू येईतो बांगडी मनगटावर गेलेली असायची. बांगड्या भरून झाल्या की आम्ही तिला वाकून नमस्कार करायचो. ती आधी दुवा द्यायची, मग प्रश्न विचारायची. अशी चौकस बाई तुम्हीही पाहिली असेल. आमचे हे कचेरीत कारकून, म्हणून सरकारबद्दलचे प्रश्न माझ्या वाट्याला. "आगबोट मदी समिंदरात आसती, तवा मानूस कोन्च्या मुलखातलं गं?"

फाळणीनंतर तिची लेक नवऱ्याबरोबर कराचीला गेली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, म्हणून ही मुंबईहून आगबोटीनं निघाली. "नातू बघते आन लगीच येते," म्हणाली. मीच दटावलं, "मावशी, सव्वा महिना झाल्याशिवाय ओल्या बाळंतिणीला कुणी सोडतं का?"

ती राहिली. मधेच हुकूम निघाला, तिकडून इकडं यायचं तर परवाना हवा.

तिचा म्हातारा आमच्या ओट्यावर आला. "रॉकेलला परमीट, साखरंला परमीट. आता बायकूलाबी?"

यांनी समजावलं, पाहुणी म्हणून यायचा परवाना वेगळा, कायमचं परतायचा वेगळा. ती तिकडं वस्तीला गेली नव्हती, हे दाखवावं लागेल.

"आवो, तिचा बांगड्यांचा पेटारा हितंच हाय! पेटारा ठिऊन मणियारीण कायमची जाती व्हय?"

हे हसले. मलाही हसू आलं. म्हातारा माझ्याकडं वळला. "वैनी, सव्वा म्हैना ऱ्हा, आसं तुमीच सांगितलं ना? तेवढं सायबाम्होरं बोला."

यांनी माझ्याकडं पाहून नकारार्थी मान हलवली. नोकरीची धास्ती. मी पदर सावरत चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ओटा रिकामा.

परवाना मिळाला नाही. माझ्या बोलण्यानं मिळाला असता का, कोण जाणे. पण मी बोलले नाही, हे आज सांगते. म्हातारा दर बाजाराला पेटारा मांडायचा, विकायचा मात्र काही नाही. "तिचा माल हाय. आली की इकंल."

परवा दारावर नवा कासार आला. "बाई, हात ढिला सोडा की," म्हणाला. सुटेना. दाबता दाबता दोन बांगड्या वाढवल्या, काचा खाली पडल्या. बाकीच्या भरून झाल्यावर मी वाकले. आशीर्वाद देऊन तो उठलाही, आणि मी तशीच बसून राहिले, पुढच्या प्रश्नाची वाट बघत.