गयाबाईचं शेवटचं कडवं

आत्या आज सकाळी गेली. दुपारी तिला घेऊन निघालो, तर हदगावच्या स्टँडजवळ एका टपरीवर तीच गात होती.

खांदेकरी थबकले. टपरीवाल्याला काही कळलं नाही. त्यानं उलट आवाज वाढवला.

"अंगठा पुसला गं बाई, अंगठा पुसला."
धाड धाड धाड.
"अंगठा पुसला गं बाई, अंगठा पुसला."
परत धाड धाड.

तुमच्यातल्या निम्म्यांनी या रीमिक्सवर रील केलंय. भीमजयंतीला नाचलाही असाल. तो आवाज माझ्या आत्याचा, सुभद्राबाईचा. ऐन उमेदीत तिची गायन पार्टी होती, सगळ्या बायांची. ढोलकी मांडीवर घेऊन जीपमधनं कुठं कुठं जायच्या. हदगावपासून पार जळकोटपर्यंत.

गाणं मात्र तिचं नाही. गयाबाईचं आहे.

गयाबाई आत्याची जिवाभावाची मैत्रीण. रोजानं शेतात जायची. प्रौढ वर्गात सही शिकली आणि त्या सहीवरच गाणं जुळवलं. आपल्याकडं रीत आहे तसं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घातलं.

"गया म्हणे ऐका बायांनो, हात माझा मला गवसला."

कॅसेट निघाली तेव्हा कव्हरवर तिचं नाव छापलंच नाही. आत्या म्हणायची, "नसंना का. गाण्यात हाय की."

गयाबाई लवकर गेली. मागं मूलबाळ नाही, घर नाही, फोटोसुद्धा नाही. तिचं नाव राहिलं ते त्या एका ओळीत.

आणि रीमिक्स करताना डीजेनं नेमकी तीच ओळ कापली.

गेल्या जयंतीनंतर आत्या हट्टाला पेटली. "मला लातूरला ने. त्या पोराला गाठायचंय." मी लातूरलाच नोकरी करते. दम लागत होता तिला, तरी जिना चढून गेली त्याच्या स्टुडिओत.

पोरगा वागायला चांगला, खोटं कशाला बोलू. "जय भीम आत्या" म्हणाला, खुर्ची दिली, थंडा मागवला, सेल्फीसुद्धा काढला.

आत्यानं थंड्याला हात लावला नाही.

"गाणं कुठून घेतलंस?"

"मेमरी कार्डात भेटलं, आत्या. मोबाइल शॉपीतनं भरून घेतलेलं. नाव नव्हतं, म्हणून लोकगीत लिहिलं."

"नाव हाय. शेवटाला हाय."

"ते कडवं बीटवर बसत न्हाई. आन् मी बी आपलाच हाय ना? गाणं समाजाचं हाय."

मी भडकले. तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला.

"समाजाचंच हाय रे बाबा. पर समाजात किती पिढ्या बिननावाच्या गेल्या? एका बाईनं नाव घातलं, तेबी तू कापून राहिला."

तो खाली बघत म्हणाला, "करतो दुरुस्त."

आणि केलं की त्यानं दुरुस्त. काही दिवसांनी व्हिडिओखाली लिहून आलं, गीत आणि गायन: सुभद्राबाई.

घरात सगळे खूश. भावानं स्टेटस ठेवलं, पाहुण्यांचे फोन आले.

आत्या जेवली नाही त्या दिवशी.

"इतके दिवस तो चोर व्हता. आता मला बी चोर केलं."

मी त्याला फोन केले. आधी "बघतो ताई", मग "बाहेरगावी आहे ताई", मग उचलणंच बंद. आत्याचा मात्र रोजचा एकच प्रश्न, "बदललं का गं?"

परवा नांदेडच्या दवाखान्यातही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून हेच विचारलं. क्षणभर वाटलं, खोटं बोलावं, बाईला शांत जाऊ द्यावं. नाही जमलं मला. "न्हाई आत्या" म्हटलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये.

आज स्मशानात तोच डीजे आला. हातात हार, डोळे लाल. बुद्धवंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, मानवंदना म्हणून गाणं लावू का? बीट काढून, साधं."

"शेवटचं कडवं लावशील?"

त्यानं बराच वेळ मोबाइल चाळला.

"कट करताना उडालं ताई. ते कार्ड बी राह्यलं न्हाई."

आमच्या घरची कॅसेट कधीच खराब झालेली. म्हणजे गयाबाईचं नाव आता कुठंच नाही. स्मशान नसतं तर खरंच सांगते, मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

तेवढ्यात मागून काठी टेकत कमलमावशी पुढं आली. पार्टीतली मागं राहिलेली ही एकटी. आयुष्यभर कोरस म्हटला, पुढं कधी गायली नाही. तिनं आत्याकडं बघितलं आणि सुरू केलं. ढोलकी नाही, पेटी नाही.

"गया म्हणे..."

आवाज फाटला. पुन्हा उचलला. बाकीच्या बायांनी मागं धरलं.

डीजेनं रेकॉर्डिंगला मोबाइल वर केला.

मावशी थांबली. "हात खाली कर. पयलं इचार, गाणं कुणाचं हाय."

मला वाटलं, हा आता निघून जाणार.

त्यानं हात खाली केला. "गाणं कुणाचं हाय, मावशी?"

"गयाबाईचं. गायलं सुभद्रानं. आता लाव तुझं मशीन."

मावशीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण गाणं म्हटलं. मग आम्ही आत्याला अग्नी दिला.

तो ते टाकतो की नाही, बघू. माझा भरवसा नाही. म्हणून मीच इथं लिहिते, ज्यांनी ज्यांनी रील केलंय त्यांनी वाचा:

गीत: गयाबाई.
आवाज: सुभद्राबाई.

आत्या, इथं तरी बदललं गं.

तुला आणि तुझ्या गयाबाईला, दोघींना, शेवटचा जय भीम.