कुवेतची पट्टी

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच निकोटिन घेतलं, तेही गुडघ्यांतून.

एरवी बाबांनी कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. घराण्यातली सगळी व्यसनं मी एकटा सांभाळत होतो! २००३ साली माझ्या छातीत कळ आली, तेव्हा नालासोपाऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, "बाबांची शप्पथ, सिगारेट सुटली!" सुनंदाने, म्हणजे बायकोने, देवापुढे साखर ठेवली. सुटली कसली! गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रोज चार चालूच होत्या.

शेवटी मी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी निकोटिनच्या पट्ट्या लिहून दिल्या. दंडाला चिकटवायची, अंगात थोडं थोडं निकोटिन जातं, तलफ कमी होते. "दिवसाला एकच. वर सिगारेट ओढायची नाही. आणि खोका घरातल्यांच्या हाती लागू द्यायचा नाही," त्यांनी बजावलं. इकडे पट्ट्या मिळेनात, म्हणून ऑफिसातल्या, वसईजवळच्या नंदाखाल गावच्या इनासने कुवेतच्या भावाकडून मागवून दिल्या. आणि मी खोका ठेवला कुठे? सगळ्यांच्या औषधांच्या डब्यात!

तिसऱ्याच दिवशी सुनंदाने माझा दंड पाहिला.

"अहो, हे काय चिकटवलंय?"

"खांदा धरलाय गं. दुखण्यावरची पट्टी आहे, कुवेतची. एकदम जालीम!"

हे 'जालीम' आतल्या खोलीत बाबांनी ऐकलं. आमचं घर चौथ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे सत्तरीचे.

रविवारी दुपारी बाबांना भडाभडा उलट्या सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. "छाती धडधडते रे!" ते म्हणाले. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी निकाल देऊन टाकला, "बोंबील बाधले!" बोंबील सुनंदाने केले होते. ती रडायलाच लागली.

बाबांना उचलायला मी त्यांचा लेंगा सारखा केला आणि पाहिलं, तर दोन्ही गुडघ्यांना दोन-दोन पट्ट्या! मी लगेच ओळखलं. आणि सांगायला लाज वाटते, मी गप्प बसलो. पट्ट्या हळूच ओढून खिशात घातल्या. म्हटलं, आता उतरेल आपोआप.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"बोंबील," सुनंदा मुसमुसत म्हणाली. "माझंच चुकलं. नीट धुतले नसतील."

डॉक्टर बोंबलांवर उपचार करायला निघाले. बाबांचे ओठ पांढरे पडत चालले होते. मला राहवेना.

"बोंबील नाही, माझ्या सिगारेट सोडायच्या पट्ट्या," मी म्हणालो आणि खिशातून चारही पट्ट्या काढून टेबलावर टाकल्या. (बरोबर सिगारेटचं पाकीटही आलं. खिसा एकच होता!)

"न ओढणाऱ्या माणसाला एकदम चार?" डॉक्टर ओरडले. "आणि तुम्ही पट्टी लावून वर हे ओढता? एका घरातून दोघांना स्मशानात न्यायचंय का?"

नर्सने बाबांचे गुडघे साध्या पाण्याने धुतले, सलाइन लावलं. सुनंदाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "माझ्या बोंबलांवर खापर फुटू दिलंत तुम्ही?" कॉटवरून बाबांनी क्षीण आवाजात विचारलं, "शप्पथ माझीच घेतली होतीस ना रे?"

बाबा वाचले. मग मीही सुधारलो. दिवसाला एकच पट्टी, रोज नवी जागा, वापरलेली दुमडून फेकायची, खोका कुलपात. काही महिन्यांनी सिगारेट खरंच सुटली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. घरी मात्र ही बातमी सांगायची सोय नव्हती, कारण ती एकदा सांगून झाली होती! तरी एक दिवस धीर करून म्हटलं, "बाबा, आता खरंच सुटली."

"बरं," बाबा म्हणाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आजही मी पाण्याचा पेला पुढे केला, की बाबा तो आधी हुंगतात, मग सुनंदाला दाखवतात आणि तिने मान हलवली तरच पितात.